पाचवं तिकीट

२ नोव्हेंबर, रविवार

घरात कोची शिरलंय. सकाळपासून दुसरा विषय नाही. प्रशांतने मोबाइल टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना समोर बसवलं. नारळ, होडी, नारळ, सूर्यास्त, परत नारळ. सूनबाई "वॉव" म्हणते, तिचं बघून नात म्हणते. सौ. काहीच म्हणत नाही, पण तव्यावरची पोळी करपेपर्यंत बघत उभी. नाताळच्या सुट्टीत सहा दिवस जायचं म्हणे.

एकतीस वर्षं गाइडकी केली. वेरूळ, अजिंठा, अधूनमधून किल्ला. पर्यटक नावाचा प्राणी मी जितक्या जवळून पाहिला तितका त्याच्या आईनेही पाहिला नसेल. घरातून शहाणा निघतो, बसमधून उतरतो तेव्हा येडा झालेला असतो. टोपी घातली की अक्कल झाकली जाते. आता माझ्याच घरात चार टोप्या येणार.

मी नाही म्हणणार आहे. पण लगेच नाही. दोनदा विचारू द्यायचं, तिसऱ्यांदा सांगायचं, "तुम्ही जा, मी घर बघतो." आवाज शांत ठेवायचा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवार, वेरूळ बंद. घरी. कोची चालूच.

माझ्या हिशेबी पर्यटक तीन प्रकारचे. से. म्हणजे सेल्फीवाले, बुद्धाकडे पाठ करून उभे राहतात. पु. म्हणजे पुस्तकवाले, घरून वाचून येतात आणि मला शिकवतात. ल. म्हणजे लघवीवाले. कैलास लेण्यासमोर उभं केलं तरी पहिला प्रश्न संडास कुठाय. लायसन्स मिळालं त्या वर्षापासून रोज वहीत टिपतो: आज से. बारा, पु. दोन, ल. सतरा.

घरातले लावून पाहिले. सूनबाई से., शंकाच नाही. प्रशांत पु., त्याने फाइल केली आहे, पानांना रंगीत चिठ्ठ्या लावून. कंपनीत वाळूजला साहेबाला दाखवतो तशी. परी आठ वर्षांची, ती जन्मतः ल. सौ. कशात बसवावी कळलं नाही. तिने आजवर काही बघितलेलंच नाही.

अजून कोणी विचारलेलं नाही. जेवताना प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, मी घास थांबवला. त्याने मीठ मागितलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

अजिंठ्याला नागपूरचा ग्रुप. से. एकोणीस, ल. एकोणीस. तीच माणसं. लेणं क्र. २ मध्ये जहाजाचं चित्र दाखवलं, माझं नेहमीचं वाक्य टाकलं: "हा चित्रकार मूळचा सोपाऱ्याचा खलाशी. स्वतःच्या बापाचं जहाज त्याने भिंतीवर काढलंय." बायकांनी उसासे सोडले. कायम सोडतात. वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वी एका फ्रेंच बाईसाठी रचलं. आता पोरसवदा गाइड माझ्यासमोर तेच फेकतात आणि मलाच नमस्कार घालतात.

येताना फर्दापूर फाट्यावर दगडवाले. पर्यटक उतरला की त्याच्या मुठीत चकाकता दगड. "गिफ्ट आहे साहेब, पैसे नको, फक्त दुकानाचं नाव ध्यानात ठेवा." परतताना साहेब त्याच दुकानात शिरतो आणि गळाभर माळा घालून बाहेर येतो.

घरी आलो तर प्रशांत म्हणतो, "बाबा, हॉटेलवाले वेलकम ड्रिंक फ्री देतायत." मी म्हटलं, "दगड." कोणाला काही कळलं नाही. सौ.ने मात्र भांडं जोरात आपटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गुलमंडीवर खरेदी झाली. टोप्या आल्या. परीला फुलांची, सूनबाईला घमेल्याएवढी. सौ.ने स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, जांभळ्या रबरी चपला. पाण्यात घालायच्या. सोयगावकडच्या शेतात लहानपण गेलं तिचं, विहिरीत उतरताना कधी चप्पल घातली नसेल. आता स्वयंपाकघरात चपला घालून फिरते, फचक फचक. सवय करतेय म्हणे.

म्हटलं, "समुद्र काय घाबरतो का चपलेला?"

"तुमच्या पायात घातल्यात का?" म्हणाली.

विचारलेलं नाही. बहुतेक शेवटी विचारतील. मोठ्या माणसाला शेवटी विचारायची पद्धत असते.

९ नोव्हेंबर, रविवार

फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे. प्रशांतचं अक्षर. तिकिटं: प्रशांत, अश्विनी, परी, आई. खाली रेघ मारलेली.

चार.

दोनदा वाचली. पाण्याची बाटली काढायला गेलो होतो, ती न काढताच परत आलो. पोरगं विसरलं असेल. मग लक्षात आलं, तो विसरत नाही. फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावणारा माणूस बापाला विसरेल होय?

संध्याकाळी मुद्दाम त्याच्यासमोर म्हटलं, "सहा दिवस झाडांना पाणी कोण घालणार?"

"तुम्ही आहात ना बाबा," तो म्हणाला. मोबाइलमधून मान न काढता.

हे वाक्य मी बोलणार होतो. माझं वाक्य होतं ते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सूनबाईला गाठलं. शाळेत शिकवते, खोटं बोलता येत नाही तिला, गाल लाल होतात. म्हटलं, मला जायची हौस नाहीच, नुसतं विचारतोय, चार का?

"बाबा, तुम्हीच म्हणता ना नेहमी, पर्यटक म्हणजे..." पुढचं बोलली नाही.

"म्हणजे काय?"

"आईंना विचारा. त्यांनीच सांगितलं चार काढा म्हणून."

आईंना! अडतीस वर्षं संसार झाला. या बाईने मला आजवर विचारल्याशिवाय गॅसवाल्यालासुद्धा आत घेतलं नाही.

लगेच विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारायला जाणारा मी नव्हे. वहीत से. ल. टिपायलाही काही नाही आज. घरातच बसून.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विचारलं.

ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "व्हय, म्याच सांगितलं."

"का?"

"मला तिथं जाऊन नुसतं बसायचंय. पाण्याकडं बघत. तुम्ही असले की ऐकावं लागतं."

"काय ऐकावं लागतं?"

"समदं. कोन येडं हाय, कोन फसवतंय, ह्ये खोटं, त्ये खोटं. महाबळेश्वरचं आठवत नाय का?"

महाबळेश्वर. वीस वर्षं झाली, बाईने जपून ठेवलंय. तिथल्या पॉइंटवर एक बुटका गाइड सांगत होता, इथून सात डोंगर दिसतात. मी मोजले, पाच होते. म्हटलं मोजून दाखव. तो म्हणाला ढग आहेत. मी म्हटलं मग सात कशाला म्हणतोस. तासभर चाललं. शेवटी तो कबूल झाला, सहा. मी जिंकलो होतो. आता सौ. म्हणते, सूर्य बुडताना बघायला तिला नेलं होतं आणि सूर्य तिच्या पाठीमागे बुडाला, ती माझ्या शर्टाची बाही ओढत होती.

मला हे कधी सांगितलं नाही. बरं, विचारलंही नव्हतं मी.

पण डोंगर पाचच होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वेरूळ. से. नऊ, पु. एक, ल. मोजले नाहीत. एक पुण्याचा पु. म्हणाला, "तुम्ही फार कडू बोलता हो काका." म्हटलं, गोड बोलणारे बाहेर बसलेत, माळा विकतात.

येताना वाट वाकडी करून हर्सूलवरून आलो. तलावाजवळ गाडी उभी केली थोडी. का केली माहीत नाही. पाणी होतं, बगळे होते. एवढं पुरत नाही का माणसाला? बसायला जागाही आहे, आणि नारळ अजिबात नाही.

मी येऊ नये म्हणून तिने तिकिटं मोजून काढली, हे डोक्यातून जात नाही. राग आलाय. आणि राग कमी झाला की खाली वाईट वाटतं, म्हणून राग धरून ठेवलाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रशांत म्हणाला, अजून एक तिकीट वीस तारखेपर्यंत काढता येईल, त्यानंतर त्याच डब्यात जागा मिळणार नाही. माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून म्हणाला. आईला ऐकू जाईल असं.

सौ. म्हणाली, "त्येंना लेणी दाखवू द्या मला आधी."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"अजिंठा. म्या नाय पायलेला."

हे कसं शक्य आहे? माझ्या बायकोने अजिंठा पाहिलेला नाही? म्हटलं, लग्नाच्या वर्षी नेलं होतं ना तुला.

तर ऐकवलं तिने. नेलं होतं, खरं. डबा घेऊन, हिरवं लुगडं नेसून. नदीजवळच्या झाडाखाली पोचलो आणि तेवढ्यात परदेशी लोकांची बस आली. तेव्हा मी लायसन्सवाला नव्हतो, एका म्हाताऱ्या गाइडच्या हाताखाली उमेदवारी करत होतो. तो आजारी, मला हाक आली. मी तिला म्हटलं, बस इथं, येतो अर्ध्या तासात. तीन तासांनी आलो. शेवटची बस लागली होती. डबा तिने उघडला नव्हता. तसाच घरी नेला.

मला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं की पहिल्यांदा इंग्रजीत बोललो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

अट अशी. बुधवारी तिला अजिंठा दाखवायचा. पण मी आत बोलायचं नाही. एक शब्दही नाही. "कोन येडं" नाही, "ह्ये पाचव्या शतकातलं" नाही, काहीच नाही. जमलं तर पुढचं बघू. पुढचं म्हणजे पाचवं तिकीट, हे तिने म्हटलं नाही, पण प्रशांतने फाइल मिटली त्यावरून समजलं.

मला! माझ्याच लेण्यात! सुतार माणसाला सांगावं की करवत घरी ठेवून ये, तसं झालं हे. मी म्हटलं, मला कोचीला यायचंच नाहीये, मग परीक्षा कसली?

"मंग नका येऊ," सौ. म्हणाली. "लेणी तरी दाखवा. ती तर देणं हाय तुमचं माझं."

परी खी-खी हसली. तिला म्हटलं, तू ल. आहेस. तिला ल. म्हणजे काय माहीत नाही, खूश झाली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उद्याचा ग्रुप नाकारला. टूरवाला विचारतो, तब्येत बरी नाही का? म्हटलं, पाहुणे आहेत. त्याने विचारलं कुठले. म्हटलं, सोयगावकडचे.

प्रशांतने माझा फोटो मागितला, पासपोर्ट साइज, "असू दे म्हणून". दिला. मी काही येणार नाही, पण फोटो द्यायला काय जातं? जुना, केस काळे असलेला दिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लिहितोय बसमध्येच, हात हलतोय. सौ. खिडकीला टेकून झोपली आहे. सिल्लोड यायचंय.

सकाळी फाट्यावर दगडवाल्याने मला ओळखून हात जोडले आणि तिच्या हातात दगड ठेवला. "ताई, गिफ्ट." मी तोंड उघडलं. तिने बोट वर केलं. मी म्हटलं, अजून आत नाही आलो. ती म्हणाली, फाट्यापासून धरायचं. दगड पिशवीत टाकला तिने, आणि त्याला "देव बरं करो" म्हणाली. तो माणूस गोंधळला. दुकानाचं नाव सांगायचंही विसरला.

गुडघे दुखत होते तिचे, डोलीवाले मागे लागले होते, ती चढून गेली. जांभळ्या चपला क्र. १ च्या बाहेर काढल्या. मोठमोठ्या बुटांच्या ढिगात त्या दोनच.

आत अंधार. मी तिला नेहमी जिथे पर्यटक उभे करतो तिथे उभं करायला निघालो. ती भलतीकडेच गेली. पद्मपाणीकडे पाठ. छताकडे बघत राहिली. छतावर मोठंसं काही नाही, फळं, पक्षी, वेली. मी ते दाखवत नाही, वेळ जातो. ती पेरू सापडला म्हणून हसली. पेरू नाही तो, पेरू त्या काळी इथे नव्हताच. जीभ दातात धरली. खरोखर धरली, दुखतेय अजून.

क्र. २ मध्ये जहाजासमोर थांबली. गार्डने बॅटरी मारली. शिडं, रांगेत मडकी, खाली पाणी, पाण्यात मासे. बराच वेळ उभी. मी घड्याळ बघितलं आणि मग बघायचं बंद केलं. ती हळूच म्हणाली, "ह्ये काढणाऱ्यानं समुद्र पायलेला असंल का हो?"

मला बोलायचं नव्हतं. नियम तिचा.

तेवढ्यात एक पोरगा गाइड ग्रुप घेऊन शिरला. मला पाहिलं, छाती फुगवली आणि मोठ्याने सुरू: हा चित्रकार मूळचा सोपाऱ्याचा खलाशी, स्वतःच्या बापाचं जहाज. ग्रुपमधल्या बायकांनी उसासे सोडले. सौ.चे डोळे चमकले. माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय?"

एकतीस वर्षांत इतकं अवघड काही आलं नव्हतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. नाही हलवली. दोन्ही हात वर केले, झालं. पोराला वाटलं मी शाबासकी दिली.

खाली वाघूर नदीला पाणी थोडं होतं. दगडावर बसून डबा उघडला. तेच झाड की दुसरं सांगता येणार नाही, अडतीस वर्षांत झाडंही बदलतात. तिने चपला घालून पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "आता बोला. त्यो खरंच खलाशी व्हता का?"

"माहीत नाही," म्हटलं.

गाइड हे कधी म्हणत नाही. माहीत नसलं की तो शतक सांगतो. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. का ते नीट सांगता येत नाही, पण वाटली.

ती भाकरी मोडत म्हणाली, "मला वाटतं नसंल पायलेला. नुसतं ऐकून काढलंय. ज्यानं पायला त्यो एवढे मासे नाय काढायचा."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "म्याबी असंच काढलं असतं."

मी काही बोललो नाही. यावेळी नियम नव्हता.

बाजूला एका बापाने पोराला जहाजाची गोष्ट उलटी सांगितली, राजा बुडाला वगैरे. दुरुस्त केली नाही. तो से. होता, शर्टावर गॉगल अडकवलेला. पण पोरगं ऐकत होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वीस तारीख. प्रशांत सकाळी काही न बोलता कामावर गेला. मीही विचारलं नाही. विचारणारा मी नव्हे, हे वर एकदा लिहिलं आहे.

दगड तिने देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. स्फटिक नाही तो, साधी गारगोटी आहे, घासून चकाकवलेली. सांगितलं नाही.

टीव्हीवर पुन्हा कोची. नारळ, होडी. होडी बघताना आज मडकी शोधली. नव्हती. आजकालच्या होड्यांत काहीच नसतं, सगळं फोटोसाठी. से.

दुपारी प्रशांतचा फोन आला तिला. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. लावलं नाही, लोटलं. "नाय रे, येक शब्दबी नाय," एवढं ऐकू आलं. मग बराच वेळ "हं", "हं". मग, "खोलीला खिडकी हाय का, पाण्याच्या बाजूला?" मग आवाज बारीक करून काहीतरी, त्यात "त्येंचे गुडघे" होतं की "माझे गुडघे" होतं, कळलं नाही. फचक फचक चपला वाजत होत्या, घरात काढ म्हटलं तरी काढत नाही.

मी ऐकत नव्हतो. दाराशेजारी उजेड बरा येतो, वही घेऊन तिथे बसलोय, एवढंच. अजून बोलतेच आहे.